ऑनलुकर: बघ्या, प्रेक्षक की निरीक्षक?

आजच्या भागात एकच इंग्रजी शब्द घ्यायचा आहे, ऑनलुकर. शब्द साधा आहे, शाळेतली मुलंही वापरतात. पण तो मला नीट समजावून सांगता आला नाही आणि त्याला कारण घडलं. ते कारण पुढे सांगतोच.

आमच्या खालच्या मजल्यावर विट्याकडचं एक गलाई करणारं कुटुंब भाड्याने राहतं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातल्या माणसांचा दोन-तीन पिढ्यांचा धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, यांच्यातलं कुणी ना कुणी भेटतंच. या घरातली मुलगी नववीत आहे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. शाळेने दहा शब्द देऊन प्रत्येकाचं एक वाक्य करायला सांगितलं होतं. ती वही घेऊन वर आली आणि म्हणाली, "आजोबा, एवढं तपासा की वो."

सहा वाक्यं ठीक होती. सातवं होतं, 'माय नेबर इज ॲन ऑनलुकर'. शेजारी म्हणजे मी.

"हे काय लिहिलंयस?"

"तुम्ही रोज गॅलरीत बसून रस्ता बघता नव्हं? मग?"

मी लाल पेनाने वाक्य खोडलं. चूक आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "का चूक?" तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला 'का' या प्रश्नाची फारशी सवय नसते. "उद्या सांगतो," म्हटलं आणि वही ठेवून घेतली.

आता त्या 'का'चं उत्तर. इंग्रजीत 'लुक ॲट' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघणं. 'लुक ऑन' म्हणजे समोर काही चाललेलं असताना त्यात न पडता बघत राहणं. आपल्या 'बघत राहणे'मधलं जे 'राहणे' आहे ना, तेच काम तिथे 'ऑन' करतो. या 'लुक ऑन'पासून ऑनलुकर झाला. जुन्या इंग्रजीत उलटा क्रम होता, लुकर-ऑन. त्याचं अनेकवचन लुकर्स-ऑन. तटस्थ माणसाला डाव जास्त कळतो अशा अर्थाच्या एका इंग्रजी म्हणीत तो जुना शब्द अजून टिकून आहे. बुद्धिबळाच्या पटाभोवती उभे राहून दोघा खेळणाऱ्यांना शहाणपण शिकवणारे लोक तुम्हीही पाहिले असतील, ते सगळे लुकर्स-ऑन.

तेव्हा ऑनलुकर व्हायला दोन गोष्टी लागतात. पहिली, समोर काहीतरी घडत असलं पाहिजे: आग, भांडण, अपघात, मिरवणूक, रस्त्यात बंद पडलेली बस. दुसरी, त्या घडण्यात तुमचा हात नसला पाहिजे. घटना संपली की ऑनलुकरही संपला. तो माणसाचा धंदा नाही, स्वभाव नाही, पद तर नाहीच. म्हणून 'माझा शेजारी ऑनलुकर आहे' हे वाक्य बसत नाही. 'माझा शेजारी गिऱ्हाईक आहे' असं म्हटल्यावर जसं कुठल्या दुकानात, केव्हा, हे विचारावं लागतं, तसंच. बहुतेक वेळा हा शब्द अनेकवचनात येतो, ऑनलुकर्स, आणि वर्तमानपत्रात तर 'अ क्राउड ऑफ ऑनलुकर्स' अशी जोडीच ठरून गेली आहे. आपल्याकडे जशी बघ्यांची गर्दी.

'बघ्या' हा मराठीतला सर्वांत जवळचा शब्द. पण फरक आहे. 'पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली' असा मथळा आला की त्यात ठपका असतो. ऑनलुकरमध्ये मुळात ठपका नाही. तो शब्द फक्त माणूस कुठे उभा होता तेवढं सांगतो. ठपका ठेवायचा तर इंग्रजीला वेगळं काहीतरी जोडावं लागतं. मराठीने तो निकाल शब्दातच देऊन टाकला आहे.

आता याचे भाऊबंद. स्पेक्टेटर म्हणजे बघायलाच आलेला माणूस, क्रिकेटचा, कुस्त्यांचा. त्याने तिकीट काढलेलं असेल, निदान वेळ काढलेला असतो. टीव्ही किंवा हे व्हिडिओ बघणारा तो व्ह्यूअर. ऑडियन्समध्ये मूळ अर्थ ऐकण्याचा. चामराजपेटेत राहणाऱ्याला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. इथे फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीत महोत्सव भरतो, १९३९पासून. मांडवात बसलेले ते ऑडियन्स. घरी जाता जाता सूर कानावर पडला म्हणून पिशवी हातात धरून रस्त्यावर थबकलेला माणूस ऑनलुकर नव्हे, कारण तो बघत नाही, ऐकतोय. अशा माणसाला इंग्रजीत धड शब्द नाही. मराठीत तरी कुठे आहे?

स्पेक्टेटरबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. लॅटिनमध्ये बघण्याचा जो धातू आहे, त्याच्या घराण्यातला संस्कृत शब्द 'स्पश', म्हणजे हेर. इंग्रजीतला 'स्पाय'ही त्याच घराण्यातला. म्हणजे कुस्तीच्या फडावर गुडदाणी खात बसलेला प्रेक्षक आणि शत्रूच्या मुलखातून बातमी काढून आणणारा हेर हे चुलत-चुलत भाऊ निघाले.

ऑब्झर्व्हर मात्र माझ्या घरचा शब्द. मी तोफखान्यातला. तोफखान्यात तोफ एकीकडे असते आणि डोळा दुसरीकडे. तोफा डोंगराच्या मागे, काही किलोमीटरवर. त्यांना लक्ष्य दिसत नाही. पायदळाबरोबर पुढे गेलेला एक अधिकारी, दोन-तीन जवान, दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ घेऊन उंच जागी बसतो. त्या जागेला ऑब्झर्व्हेशन पोस्ट म्हणतात, आमच्या बोलीत ओपी. पहिला गोळा पडतो. तो लक्ष्याच्या डावीकडे पडला का उजवीकडे, अलीकडे का पलीकडे, हे ओपीवाला बघतो आणि रेडिओवर दुरुस्ती सांगतो: उजवीकडे २००, पुढे ४००. पुढचा गोळा पलीकडे पडला की समजायचं, लक्ष्य दोन्हींच्या मध्ये सापडलं. मग अंतर निम्मं करत जायचं. ४००, २००, १००. कोन मोजायला आमचं माप मिल, पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे १००० मीटरवर साधारण एक मीटर. हे गणित एवढ्यासाठी सांगितलं की ओपीत बसलेला माणूस दिसायला नुसता बघत असतो. बंदूक चालवत नाही, तोफेला हात लावत नाही. पण त्याने चुकीचा आकडा सांगितला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. ऑब्झर्व्हरच्या बघण्याला परिणाम असतो आणि जबाबदारी असते.

निवडणूक आयोगाचा ऑब्झर्व्हरही तसाच. आपण त्याला निरीक्षक म्हणतो. मतदान केंद्र बळकावलं गेलं तर मतमोजणी थांबवायला किंवा निकाल जाहीर न करायला निवडणूक अधिकाऱ्याला सांगण्याचा अधिकार त्याला कायद्याने आहे. काश्मीरमध्ये १९४९पासून संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक आहेत. त्यांच्याकडे शस्त्र नसतं, फक्त डोळे आणि अहवाल. सिमला करारानंतर, १९७२पासून, त्यांचं काम संपलं अशी भारताची भूमिका आहे, पण ती गोष्ट वेगळी.

'ऑब्झर्व्ह'चा दुसरा अर्थ पाळणं. ऑब्झर्व्ह सायलेन्स, मौन पाळणं. बघणं आणि पाळणं एका शब्दात कसं, असं वाटत असेल तर मराठीकडे बघा. नियम पाळतो आपण आणि एखाद्यावर पाळतही ठेवतो. दोन्हींच्या मुळाशी राखणं, सांभाळणं आहे. 'वॉच'चंही तसंच. वॉच म्हणजे पहारा आणि वॉच म्हणजे त्या पहाऱ्याची पाळीसुद्धा. आपला 'पहारा'ही प्रहरावरून आला. वॉच आणि वेक, म्हणजे जागणं, हे मुळात एकच. जागत नाही त्याला पहारेकरी म्हणत नाहीत. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर केंपांबुधी तलावाच्या बांधावर केंपेगौडांच्या नावाचा जुना बुरूज आहे. शहराच्या चार बाजूंना असे चार आहेत. लोक त्यांना वॉच टॉवर म्हणतात, टेहळणीचे बुरूज. संध्याकाळी फिरायला गेलो की तिथे बसायची मला सवय आहे. जुनी खोड.

आता ते कारण.

तीन महिन्यांपूर्वी सकाळी सातच्या सुमाराला मी दुधाच्या पिशव्या घेऊन परत येत होतो. चामराजपेट १८९२ची आखीव वसाहत, रस्ते सरळ, त्यामुळे कोपऱ्यावर उभं राहिलं की लांबपर्यंत दिसतं. एक मुलगा स्कूटरवरून पोहोचवणीचं सामान घेऊन चालला होता. रिक्षाला चुकवायला गेला आणि घसरला. पाय स्कूटरखाली. मांडीतून रक्त येत होतं, चांगलंच. लोक जमले. वीसेक तरी असतील. मीही उभा राहिलो.

मी काय केलं, ते सांगतो. घड्याळ बघितलं, ७ वाजून ४ मिनिटं. स्कूटर कुठून येत होती, रिक्षा कुठे वळली, रस्ता कुठे ओला होता, सगळं मनात नोंदलं. ओपीतून अहवाल पाठवावा तसं. फक्त रेडिओच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. रक्त कसं दाबून धरायचं हे मला येत होतं, त्याचे वर्ग मी स्वतः घेतले आहेत. पण हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि मनात येत होतं की कुणीतरी फोन केलाच असेल. एवढ्या जणांच्या हातात फोन आहेत. मग पोलीस, पंचनामा, कोर्टाच्या तारखा, तेही येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या बाई असतात. त्यांनी टोपली खाली ठेवली, गर्दीत घुसल्या, डोक्यावरची चुंबळ उलगडून त्या मुलाच्या मांडीवर दाबली आणि मान वर करून समोर जो पहिला दिसला त्याच्यावर ओरडल्या. तो मी होतो. "सार, एन् नोड्ता इद्दीरा? हिडकोळ्ळी!" काय बघताय? धरा! पिशव्या टाकल्या आणि धरलं. मग एकाने १०८ला फोन लावला. त्याआधी कुणीच लावला नव्हता. शेवटी रुग्णवाहिकेची वाट न बघता त्याच रिक्षातून त्याला सरकारी रुग्णालयात नेलं. मी पुन्हा घड्याळ बघितलं तेव्हा ७ वाजून ११ मिनिटं झाली होती. मी हात लावण्याआधीची त्यातली चार मिनिटं तरी नुसती उभं राहण्यात गेली होती. पोरगा वाचला. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे.

या 'कुणीतरी केलंच असेल'चा अभ्यास झालेला आहे. १९६८मध्ये डार्ली आणि लाटाने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रावरून ऐकू येई की आपल्यासारख्याच दुसऱ्या एकाला झटका आला आहे. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांतले ८५ टक्के झटका संपण्याआधी मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांतले ३१ टक्केच. माणसं निर्दय नव्हती, घाबरलेली होती, पण जबाबदारी पाचांत वाटली गेली. याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे काही संशोधकांनी इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांची कॅमेऱ्यातली चित्रं तपासली, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे फुलवाली बाई बहुतेक ठिकाणी असते. आपण ती असू का, एवढाच प्रश्न उरतो.

बायस्टँडर हा ऑनलुकरचा सख्खा शेजारी. ऑनलुकर बघतो, बायस्टँडर जवळ उभा असतो, बघत असेल वा नसेल. गोळीबारात सापडलेला निरपराध माणूस 'इनोसंट बायस्टँडर' असतो, इनोसंट ऑनलुकर सहसा कुणी म्हणत नाही. पण याच शब्दाची एक देशी तऱ्हा मला फार आवडते. माझ्या एका केरळी जवानाची आई आजारी होती. त्याने रजेच्या अर्जात लिहिलं, 'मला आईचा बायस्टँडर म्हणून राहायचं आहे'. मी हसलो होतो. मग कळलं, केरळातल्या रुग्णालयांत रुग्णाच्या उशाशी थांबणाऱ्या, औषध-पाणी बघणाऱ्या घरच्या माणसाला बायस्टँडरच म्हणतात, त्याचा वेगळा पासही असतो. इंग्रज म्हणतील चूक आहे. मला तसं वाटत नाही. 'स्टँड बाय'चे इंग्रजीतच तीन अर्थ आहेत: काही न करता उभं राहणं, हुकमाची वाट बघत तयार राहणं आणि एखाद्याची साथ न सोडणं. फौजेत आम्ही मधला वापरला. केरळने शेवटचा उचलला.

कोर्टाच्या भीतीबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण ती माझ्या मनात होती आणि तुमच्याही असेल. १६ फेब्रुवारी २०१६ला बेंगळुरूजवळ नेलमंगलापाशी हरीश नंजप्पा या तरुणाच्या दुचाकीला ट्रकने धडक दिली. शरीराचे दोन तुकडे झालेले असताना तो अवयवदान करा असं सांगत होता. आजूबाजूला काही जण फोनवर चित्रण करत होते. त्यानंतर कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने योजना काढली: अपघातग्रस्ताला पहिल्या ४८ तासांत २५,००० रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. त्याच वर्षी ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला, त्याला २०१८मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आलं. अर्थ साधा आहे. अपघातात सद्भावनेने मदत करताना तुमच्या हातून काही चुकलं, तरी त्यासाठी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं. रक्त लागलेला शर्ट बादलीत भिजत होता आणि मी कलमं वाचत होतो.

एक शंका येईल. आपल्या परंपरेत नुसत्या बघणाऱ्याला मान आहे की! मुंडकोपनिषदात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता फक्त बघतो. इंग्रजी भाषांतरकार तिथे 'लुक्स ऑन' असंच लिहितात. पण तो साक्षी. त्या झाडाखाली कुणी रक्ताने माखून पडलेलं नव्हतं. चामराजपेटच्या कोपऱ्यावर उभं राहून साक्षीभाव सांगणं मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी वही न्यायला आली. मी तिला वरचं सगळं सांगितलं, तोफा आणि लॅटिन वगळून. गॅलरीत बसून रस्ता बघणारा माणूस ऑनलुकर नसतो, त्याच्यासमोर काही घडलं आणि तो नुसता बघत राहिला तर तो तेवढ्यापुरता ऑनलुकर होतो, असं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "म्हंजे स्कूटर पडली त्या दिवशी तुम्ही होता तसं?"

ती शाळेच्या बसची वाट बघत समोरच्या फुटपाथवर उभी होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हो," म्हटलं. "तसं."

तिने खोडलेल्या वाक्याखाली नवीन लिहिलं. 'माय नेबर वॉज ॲन ऑनलुकर व्हेन द स्कूटर फेल. देन ही हेल्ड द लेग.' काळ बरोबर, घटना आहे, एकवचनही चालतं. दुसऱ्या वाक्याची शाळेला गरज नव्हती, पण मी ते काढायला सांगितलं नाही. खाली सही केली आणि वही तिला दिली.